दोन कोटी एकोणीस लाख तेवीस

"काका, तुमचा तो आकडा मूळ संख्या नाहीये हो," असं म्हणत थेरपिस्ट मुलीनं मला जिन्यात गाठलं आणि मोबाइल माझ्या चष्म्यापुढे धरला. सहा वाजून गेले होते, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली होती, आणि माझा एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या पायरीवर होता. मोबाइलवर लिहिलं होतं, २१९०००२३ = २२०३ × ९९४१. तिनं बोट सरकवून खालचंही दाखवलं. विषम. कुठल्याही वर्गानं भाग न जाणारी. दोन मूळ संख्यांचा गुणाकार. न्यून. दवाखान्याच्या केसपेपरवर लिहितात तसं एकाखाली एक. "उद्या तासाला दाखवायच्या कार्डासाठी बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं, काकूंचा एवढा लाडका आकडा आहे, तर त्याच्यावरच काहीतरी करू. गंमत आहे ना?" मी म्हणालो, "तपासतो." ती हसली. "यात काय तपासायचंय? आलंय की इथे." "तरी तपासतो," असं म्हणून मी कठडा धरून खाली उतरलो. माझी चूक झाली ती इथेच, आणि घरी पोचून बराच वेळ होईपर्यंत ती माझ्या लक्षातही आली नाही.

ती जिला काकू म्हणाली ती माझी बायको. चार महिन्यांपूर्वी सकाळी दात घासता घासता हिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं सगळं गेलं. समजतं सगळं. डोळ्यांत दिसतं की समजलंय. पण शब्द तोंडापर्यंत येत नाही, वाटेतच कुठेतरी सांडतो. अकराव्या दिवशी नर्सनं पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा ही एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "दोन कोटी एकोणीस लाख तेवीस." नर्स घाबरली. मी मात्र तिथल्या स्टुलावर बसून मनसोक्त रडलो, कारण तो आकडा मला माहीत होता. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं. सगळं वाहून गेलं तरी खूप घट्ट बसलेलं काहीतरी एक उरतं. कुणाला गाणं उरतं, कुणाला आठवड्याचे वार उरतात. त्याच मजल्यावरच्या एका निवृत्त न्यायाधीशांना एकच शिवी उरली होती, आणि ते ती भेटायला येणाऱ्या सगळ्यांना अतिशय प्रेमानं द्यायचे. त्या मानानं आमचं बरंच म्हणायचं. पुढे हिला या केंद्रात हलवलं, तेव्हापासून मी रोज चार ते सहा तिथे असतो, आणि या तीन महिन्यांत मी हिची नवी भाषा शिकलो. तेवीसवर आवाज चढला की पाणी. लाखावर रेंगाळली की पाठीमागची उशी सरकलीय. सगळं एका दमात, सपाट, म्हणजे आता तुम्ही जा, मला झोपायचंय. आणि कधीकधी मी दारात दिसलो की हळू, एकेक शब्द सुटा करून, शेवटी जरासं हसून. त्याचा अर्थ मी कुणाला सांगितला नाही. थेरपिस्ट मुलगी वहीत 'अर्थहीन पुनरुक्ती' असं लिहायची. लिहू दे बापडी, तिचं ते शास्त्र आहे.

बसमध्ये मला खिडकीशी जागा मिळाली आणि मी नेहमीसारखा आकडे बघत बसलो. ही खोड जुनी. दुकानांवरचे क्रमांक, गाड्यांच्या पाट्या, समोरच्याच्या पाठीवरचा खेळाडूचा आकडा, काहीही. बघितला की तो कुठल्या जातीचा ते मनात ठरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. एखाद्या संख्येला ज्या ज्या लहान संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्या सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज संख्येएवढीच आली तर ती परिपूर्ण. तशा फार थोड्या. जास्त आली तर विपुल, कमी पडली तर न्यून. आणि जिला एकाशिवाय कशानंच भाग जात नाही ती मूळ. तिची बेरीज फक्त एक. आमची मुलगी लहान असताना शाळेच्या रस्त्यावर आम्ही तिघं हाच खेळ खेळायचो. बारा? विपुल. पंधरा? न्यून. सतरा? मूळ. मुलीनं एकदा विचारलं होतं की मूळ म्हणजे जिचं कुणीच नाही ती का, आणि ही म्हणाली होती, "असं नाही गं. जिचे तुकडे करता येत नाहीत ती." त्या दिवशी बसमध्ये मला एकही पाटी धड वाचता आली नाही. मूळ नाही, हे मी ऐकलं होतं, पण अजून मानलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं मी दुसऱ्यानं सांगितलेला एकही आकडा तपासल्याशिवाय मानलेला नाही, तर परवा परवा कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीच्या मोबाइलचं का मानायचं, असं मी स्वतःला सांगत होतो. पण आतून मला बहुतेक उत्तर आधीच कळलेलं होतं.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता मी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि बिलाच्या पाठीवर गुणाकार मांडला. बावीसशे तीन गुणिले नव्व्याण्णवशे एक्केचाळीस. तीन मिनिटांचं काम. उत्तर आलं, दोन कोटी एकोणीस लाख तेवीस. मग कागद उलटा ठेवून दुसऱ्यावर पुन्हा केला. तेच. मग हिच्या पद्धतीनं केला. ही अशा वेळी दहा हजारांनी गुणून जास्तीचं वजा करायची, मला ते आडवाटेनं जाण्यासारखं वाटायचं आणि आमचे त्यावरून खटके उडायचे. बावीसशे तीनला दहा हजारांनी गुणलं, त्यातून एकोणसाठपट वजा केली, आणि तोच आकडा पुन्हा कागदावर आला. तिन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं होतं. मग उठून पोटमाळ्यावरची पेटी काढली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडीवर चढू नये हे मला माहीत आहे.

पेटीत आमच्या कचेरीतल्या दिवसांचं सामान आहे. आम्ही दोघं जमिनीच्या मोजणी खात्यात गणक होतो. बाहेर मैदानात मोजणारे लोक कोन आणि अंतरं घेऊन यायचे आणि आम्ही आत लाकडी टेबलांशी बसून त्यांची क्षेत्रफळं काढायचो. हाताच्या दांड्यानं फिरवायची यंत्रं होती, एकदा फिरवलं की एकपट, उलटं फिरवलं की वजा, आणि दिवसभर त्या खोलीत कटकट कटकट असा आवाज असायचा. प्रत्येक हिशेब दोघांनी करायचा, असा नियम होता. एक पहिला हात, एक दुसरा हात. दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून ठेवलेली. दुसऱ्या हातानं पहिल्या हाताचा कागद पाहायचा नाही, काही विचारायचं नाही, तोंडावरूनसुद्धा ताडायचं नाही. शेवटी कागद शेजारी ठेवायचे आणि आकडे जुळले तरच बरोबरची खूण करायची. न करता नुसती खूण केली तर ती आंधळी टिक, आणि आंधळी टिक सापडली तर माणूस त्या दिवशी घरी. आमचे साहेब म्हणायचे, "एकमेकांच्या कागदात डोकावलात, तर तुम्ही दोघं नाही, एकच. आणि एकट्या माणसाच्या हिशेबावर मी पूल बांधू देणार नाही." साहेबांच्या मागेमागे असायचो म्हणून मला खोलीतले सगळे हातचा म्हणायचे. ही नवीन आली तेव्हा तिला माझा दुसरा हात म्हणून पाठीमागच्या टेबलावर बसवलं. सात महिने मला हिची वेणी आणि हिच्या यंत्राचा आवाज एवढंच ठाऊक होतं. माझ्यापेक्षा जरा जलद फिरवायची, आणि मधेच थांबायची.

आमचं दोघांचं पहिलं मोठं काम एका नव्या जलाशयाचं. पाणी पूर्ण भरल्यावर काठाची आखणी करून त्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढायचं होतं. एकोणीस दिवस लागले. कागद शेजारी ठेवले तेव्हा दोन्हींवर दोन कोटी एकोणीस लाख तेवीस होतं, एका मीटरचाही फरक नाही. साहेबसुद्धा खुर्चीवरून उठून बघायला आले. त्या दुपारी डबा खाताना मी हिला पहिल्यांदा कामाबाहेरचं काही विचारलं. तेही काय, तर "हा आकडा मूळ असेल का हो?" दुसऱ्या एखाद्यानं गावाचं नाव विचारलं असतं. ही जेवता जेवता थांबली, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "तीननं जात नाही, सातनं जात नाही, अकरानं नाही. पुढचं बघावं लागेल. पण रीतसर बघायचं." रीतसर म्हणजे दोन हातांनी. त्यासाठी मूळ संख्यांची यादी हवी होती, ती आमच्या खात्यात कुठली असणार, म्हणून हिनं घरी चौकटीच्या कागदावर पटीतल्या संख्या खोडत खोडत चार हजार सहाशे ऐंशीपर्यंतची यादी स्वतः तयार केली आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवली. त्याच्या पुढं जायची गरज नव्हती. तिथपर्यंत कशानंच भाग गेला नाही, तर पुढंही जात नाही. मग पाच महिने दुपारच्या सुट्टीत आम्ही भागाकार करत होतो. अर्धा तास वही माझ्याकडे, अर्धा तास हिच्याकडे. कागद वेगळे, यंत्रं वेगळी, तोंडं दोन दिशांना. शेवटच्या दिवशी आम्ही बाक्या जुळवायला बसलो. ही वाचायची, मी माझ्या कागदावर बोट ठेवून बरोबर म्हणायचो. सहाशे बत्तीस भाजक, सहाशे बत्तीस बाक्या, एकही शून्य नाही. शेवटचा सेहेचाळीसशे एकोणऐंशी, बाकी तेवीसशे तीन. "मूळ," ही म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. आम्ही तोपर्यंत एकमेकांशी लग्नाबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो आणि त्यानंतरही फारसं बोलावं लागलं नाही. तीन महिन्यांनी लग्न झालं. लोक विचारायचे की तुमचं जमलं कसं, आणि ही सांगायची, "यांनी मला एक आकडा विचारला." लोकांना वाटायचं थट्टा करतेय.

तर ती वही. पुठ्ठ्याचा निळा रंग उडाला आहे, पण आतली शाई अजून ठळक आहे. हिचं अक्षर लहान आणि ताठ, रकाने पट्टीनं आखलेले. मी सावकाश पानं उलटत गेलो. मला घाई नव्हती, खरं म्हणजे मला तिथे पोचायचंच नव्हतं. डाव्या पानाच्या तळाशी २१७९ होता. पान उलटलं तर माथ्यावर २२०७. मधला बावीसशे तीन नव्हता. खोडलेला नव्हता, फाटलेला नव्हता, नव्हताच. यादी सहाशे तेहतिसांची असायला हवी होती. मी वेड्यासारखं कारण शोधायला लागलो. त्या दिवशी हिच्या घरी कुणी आजारी होतं का, दिवे गेले होते का, कुणी बोलावलं होतं का. पंचेचाळीस वर्षांमागच्या एका संध्याकाळी एक मुलगी वहीचं पान उलटते, यापलीकडे त्यात काही असेल असं मला नाही वाटत. शाई वाळायला थांबली असेल. पण त्याहून वाईट गोष्ट त्या पानावर पुढे होती. २२०७ च्या शेजारी, समासात, बारीक पेन्सिलीनं २८ लिहिलं होतं, आणि त्याभोवती वर्तुळ. ते अक्षर माझं. मला स्वच्छ आठवलं. भागाकार करताना मला दिसलं होतं की इथे दोन मूळ संख्यांमध्ये अठ्ठावीसची मोठी फट आहे. तोवर एवढी मोठी दुसरी एकच लागली होती, तेराशे सत्तावीसनंतरची चौतीसची. मला ती आवडली. ओसाड माळ लागल्यासारखी वाटली. मी थांबून तिच्याभोवती वर्तुळ काढलं आणि पुढे गेलो. कुणाही शहाण्या माणसाला अशी फट दिसली असती तर तो म्हणाला असता, काहीतरी राहिलंय. मी म्हणालो, काय सुरेख आहे. दोन हात, दोन यंत्रं, दोन कागद, कुणी कुणाकडे पाहायचं नाही, एवढा सगळा थाटमाट, आणि वही मात्र एक. साहेबांना हे कधी कळलं असतं तर त्यांनी आम्हाला दोघांनाही घरी पाठवलं असतं.

आणि तेव्हा, हातात वही असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला की मी जिन्यात त्या मुलीला 'तपासतो' म्हणालो, पण 'हिला सांगू नका' असं म्हणालोच नाही. ती उद्याचं कार्ड करणार होती. सकाळी साडेनऊला हिचा तास. मी केंद्रात फोन लावला. फोनवरचा माणूस म्हणाला, थेरपिस्ट मॅडम गेल्या, त्यांचा नंबर देता येत नाही, निरोप असेल तर सांगा. मी म्हणालो, "लिहून घ्या. हिला आकड्याबद्दल सांगू नका." तो म्हणाला, "कुठल्या आकड्याबद्दल?" मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "पेशंटचा नंबर आहे का?" त्याला काय सांगणार होतो. मी म्हणालो, हो. मग मी आमच्या मुलीला फोन लावला. ती दूर असते, तिच्याकडे दुपार होती. मी सगळं सांगितलं, वही, फट, पेन्सिल. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू? काय फरक पडतो? आई आजारी आहे. तिला एवढं एकच बोलता येतंय. ते मूळ आहे की नाही, कोण विचारतंय तिला?" मी म्हणालो, "ती स्वतःला विचारेल." "मग तुम्ही सांगा ना, की मूळच आहे. संपलं." मी वही मिटली. ती म्हणाली, "तुम्हाला नाही जमणार ते. मला माहितीय." मला राग आला, आणि तो ती खरं बोलली म्हणून आला. नंतर अंथरुणावर पडल्यावर मी ठरवलं की जमवायचं. उद्या चार वाजता मी जाणार, ही म्हणणार, आणि मी अगदी सहज, मान हलवून, बरोबर म्हणणार. पंचेचाळीस वर्षांत एक आंधळी टिक. कुणाचा पूल पडत नाही.

सकाळी आठपासून मी फोन लावत होतो. आधी कुणी उचलला नाही, मग उचलला तर बाई अजून आल्या नाहीत, मग बाई तासावर आहेत. मी बसनं गेलो. दारावरच्या माणसानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, भेटीची वेळ चार ते सहा. मी म्हणालो, दोन मिनिटं फक्त. तो म्हणाला, "काका, सगळे दोन मिनिटंच म्हणतात." वाईट माणूस नव्हता, त्यानं मला बसायला त्याची खुर्ची दिली. मी त्या खुर्चीवर बसून काचेच्या दारातून आतला लांब पॅसेज बघत राहिलो. हिची खोली डावीकडून पाचवी. पाच, मूळ. दारावर २०९, म्हणजे अकरा गुणिले एकोणीस. त्या दाराच्या पलीकडे कार्ड दाखवलं जात असेल किंवा नसेल, आणि मला उठून आत पळत जाता आलं नाही. गेलो असतो तर काय झालं असतं, त्यानं मारलं थोडंच असतं. पण मी नियमाचा माणूस. मी खुर्चीवर बसून राहिलो. सव्वादहाला थेरपिस्ट मुलगी बाहेर आली, मला बघून तिचा चेहरा फुलला. "काका, बरं झालं आलात. अहो, काकूंनी आज लिहिलं. डाव्या हातानं."

तिनं कागद दाखवला. वर तिनं छापलेलं कार्ड चिकटवलं होतं, मोठ्या अक्षरांत आकडा आणि खाली त्याचे दोन भाग, आजूबाजूला हसरे चेहरे. हिनं कार्डाकडे बराच वेळ पाहिलं, मग पेन मागितलं, म्हणजे हात पुढे केला. खाली डाव्या हाताचं वाकडंतिकडं अक्षर होतं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. पण मला ते वाचायला काहीच त्रास झाला नाही. २२०३०००० आणि त्याखाली १२९९७७. दहा हजारपट, आणि त्यातून एकोणसाठपट वजा. आडवाटेनं. खाली रेघ. रेघेखाली काही नव्हतं. वजाबाकी लिहायची तिला गरज पडली नसणार. "मेंदूचा केवढा भाग जागा आहे बघा," मुलगी म्हणाली. "मी तर डॉक्टरांना लगेच कळवलं." मी विचारलं, "नंतर ती काही बोलली?" "नाही," मुलगी म्हणाली, "दमल्या असतील."

चार वाजता मी आत गेलो तेव्हा ही खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी दारात थांबलो. नेहमी थांबतो तसा, सुटे सुटे शब्द यायची वाट बघत. हिनं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. मी जवळ जाऊन म्हणालो, "चूक तुझी एकटीची नाही. वही मीही तीच वापरली. अगं, मला फट दिसली होती. मी तिच्याभोवती वर्तुळ काढलं." तिनं हात तसाच ठेवला. पाणी हवं का विचारलं, तर पेल्याकडे नुसतं बघितलं. उशी सरकली होती, ती सरकलेलीच राहिली, मला कळलं तेव्हा तिची पाठ लाल झाली होती. त्या दिवशी सहापर्यंत ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तीन महिने त्या खोलीत दिवसातून शंभर वेळा ऐकू येणारी गोष्ट ऐकू येईनाशी झाली. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी येऊन विचारलं, ताई बऱ्या आहेत ना. मी स्वतः म्हणून पाहिलं. दोन कोटी, असं म्हणून थांबायचं, पुढचं ती पुरं करेल म्हणून. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, दयेनं. दहाव्या दिवशी थेरपिस्ट मुलीनं मला बाजूला घेतलं. तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की या पंधरवड्यात काही आवाज आला नाही, तर वाचेचे तास बंद करून तो वेळ पायाच्या व्यायामाला द्यायचा. "काका, माझं काही चुकलं का?" तिनं विचारलं. तिचं काय चुकलं होतं? तिनं खरं उत्तर दाखवलं होतं. मी नाही म्हणालो, पण मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

काल ती स्वतःचं काम संपल्यावर चार वाजता मुद्दाम आमच्याबरोबर बसली, म्हणाली, तुम्ही बोला, मी नुसती ऐकते. मी हिचा डावा हात हातात घेतला. घरून निघतानाच मी ठरवून आलो होतो, आरशापुढे उभं राहून म्हणूनसुद्धा पाहिलं होतं. "मी परत तपासलं," मी म्हणालो. "मोबाइलवर काहीबाही येतं. तूही घाईत केलंस, त्यात डावा हात. एक हातचा राहिला होता. आपला आकडा मूळच आहे. ऐकतेस ना? मूळ आहे तो. म्हण ना एकदा. माझ्यासाठी म्हण." खोटं बोलताना माझी मान आपोआप खाली गेली. हिनं हात सोडवून घेतला. मला वाटलं, पुन्हा छातीवर ठेवणार. पण तिनं तो माझ्या हनुवटीखाली धरला, माझं तोंड वर केलं आणि नीट डोळ्यांत पाहिलं, कागद शेजारी ठेवल्यावर पाहायची तसं. तिचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. गळ्याची शीर ताठ झाली. खूप वेळ लागला.

"नाही," ती म्हणाली.

थेरपिस्ट मुलगी खुर्चीतून उठली. "काका, ऐकलंत? शब्द आला. नुसता शब्द नाही, उत्तर आहे हे. तुम्ही म्हणालात ते ऐकून, विचार करून दिलेलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं वही उघडून तारीख घातली, वेळ घातली, आणि चार महिन्यांतला पहिला अर्थपूर्ण शब्द म्हणून तो लिहून घेतला. आता तास बंद होणार नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल, पण मी तो शोधायच्या आत मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून घाईघाईनं म्हणाली, "आता थांबू नका. लगेच दुसरं विचारा. असं काहीतरी, ज्याचं उत्तर हो येईल. सोपं, घरातलं, काकू नक्की हो म्हणतील असं." मी हिच्याकडे पाहिलं. ही वाट बघत होती. पाणी ती आत्ताच प्यायली होती. दुखतंय का, हे मला विचारवेना. घरी कधी येणार ते आमच्या हातात नव्हतं. बरं वाटतंय का? नव्हतं वाटत. माझ्यावर रागावलीस का? मुलगी पेन उघडं धरून उभी होती, ही माझ्या ओठांकडे बघत होती, आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसारातून मला एवढा एकच सोपा प्रश्न काढायचा होता. मला एकही सुचेना.